थंडीत शेकोटी, उन्हाळ्यात माठ

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या वऱ्हाडात थंडी हळूच दारात येऊन उभी राहते. कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या गोधड्या उन्हात पडतात, स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. नेमक्या याच दिवसांत टीव्हीवरच्या नि मोबाइलवरच्या चित्रांतून एक गोष्ट आपल्या मनात भरते. दिवाणखान्याच्या मधोमध भिंतीत विटांची शेकोटी, तिच्यावर लाकडी फळी, फळीवर घड्याळ आणि घरच्यांचे फोटो. फायरप्लेस म्हणतात तिला. "असं काही आपल्या ब्लॉकमध्ये करता येईल का हो?" असं अलीकडे बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून आजचा लेख.

करता येतं. सुताराला एक दिवस बोलावलं आणि रंगकाम आपणच केलं, तर तीन-चार रविवारांत ही हौस पुरी होते. अर्थात ही शेकोटी खोटी. तिला धुराडं नाही, तिच्यात लाकूड पेटायचं नाही, उजेड तेवढा दिसायचा.

आता कुणी म्हणेल, अमरावती-अकोल्याला शेकोटी हवीच कशाला? आमच्या शेजारच्या आजींनी तर सरळच विचारलं, "मे महिन्यात इथं अंगाची लाही होते, अन् तुमाले घरात शेकोटी कायले पाह्यजे वो बाई?" आजींचं चूक नाही. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या गावांतली आपण माणसं. वर्षाचे दोन महिने सोडले, तर ऊब कमी कशी करायची याच विवंचनेत आपण असतो. म्हणून आपल्याकडची खोटी शेकोटी अशी हवी, की थंडीचे दोन महिने ती शेकोटी वाटावी आणि उरलेले दहा महिने तिने दुसरं काही काम करावं. नाहीतर सहा फूट भिंत अडवून बसलेला तो एक धूळखाऊ डोलारा होईल.

आणि तिला काम आहे. आठवून पाहा, आपल्या आजोळची धाब्याची घरं. मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती. त्या भिंतींत कोनाडे, देवळ्या. एकीत दिवा, एकीत फणी-आरसा, एकीत पोथी, एकीत आजोबांची पानाची चंची. भिंत स्वतःच जागा द्यायची. आताच्या ब्लॉकच्या भिंती साडेचार नाहीतर नऊ इंचांच्या. त्यात कोनाडा कुठला? खणायला जावं तर आतली वायर तुटायची, नाहीतर सिमेंटचा खांब लागायचा. तेव्हा भिंत मागे जात नसेल, तर थोडी पुढे आणायची. खोटी शेकोटी म्हणजे दुसरं काय, भिंतीपुढे आणलेला एक मोठा कोनाडाच.

तिची वरची फळी पाहिली की मला चुलीमागचा भानवस आठवतो. चुलीपाठच्या त्या कट्ट्यावर दुधाचं पातेलं ऊबेत राहायचं, मिठाची बरणी कोरडी राहायची. विस्तवाशेजारी वस्तू ठेवायला जागा लागते, ही गोष्ट तिकडच्या बायकांना जशी कळली तशी आपल्याकडच्यांनाही कळली होती.

खरी शेकोटी कशी असते?

नक्कल करायची तर अस्सल वस्तू आधी समजून घ्यावी. समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंचीवरचं चिखलदरा सोडलं, तर आपल्या भागात भिंतीतल्या शेकोटीची खरी गरज पडावी अशी जागा नाही. थंड मुलखातल्या अशा शेकोटीत तीन गोष्टी असतात. आग पेटते तो विटांचा कोनाडा, धूर वर नेणारं धुराडं आणि समोरची शोभेची चौकट. गरम हवा धुराड्यातून वर जाते आणि खोलीतली हवा आपल्यामागे ओढून नेते. त्यामुळे होतं असं, की बरीचशी ऊब धुराड्यातूनच आकाशात जाते. १७९६ साली काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने यावर लिहिलं आणि तोड सुचवली. कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, म्हणजे ऊब खोलीकडे परतून येईल. ही तिरपी भिंत लक्षात ठेवा, पुढे आपल्या कामाला येणार आहे.

खोट्या शेकोटीची कुणाला लाज वाटत असेल, तर आणखी एक गोष्ट सांगते. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं आणि धुक्याचं असं दाट पांघरूण पसरलं, की त्यात हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांतल्या घराघरांतून धूर करणारा कोळसा हळूहळू हद्दपार झाला. गॅसच्या नि विजेच्या शेगड्या आल्या, पण भिंतीतली ती चौकट आणि वरची फळी लोकांनी हौसेने जपली. म्हणजे शेकोटीच्या माहेरीसुद्धा पुष्कळ शेकोट्या आता नावापुरत्याच आहेत.

पहिला नियम: विस्तव नाही

साहित्याकडे वळण्याआधी हे वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. या कोनाड्यात कधीही, कोणत्याही निमित्ताने खरा विस्तव ठेवायचा नाही.

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या कडाक्याच्या रात्री कुणाला तरी वाटतंच, "एवढी शेकोटी केली आहे, कोळशाची शेगडी ठेवून पाहू या." दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवतं. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. माणसाला वाटतं, ऊबेने झोप लागते आहे. त्या झोपेतून पुष्कळदा जाग येत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. कुणाला असा त्रास झालाच, तर आधी त्याला उघड्या हवेत न्या, दारं-खिडक्या उघडा आणि लगेच डॉक्टरांना गाठा.

बाजारात स्पिरिटवर जळणाऱ्या शोभेच्या शेगड्याही मिळतात. त्यांची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतसुद्धा नाही, आणि विझली असं समजून गरम भांड्यात पुन्हा इंधन ओतलं की भडका उडतो. लेकुरवाळ्या घरात ही वस्तू आणू नये.

पणती आणि समईसुद्धा कोनाड्यात ठेवायची नाही. ज्योतीची धग सरळ वर जाते आणि वर आपली लाकडी चौकट असते. दिवाळीत पणत्या लावायच्याच, तर समोर हातभर अंतरावर जमिनीवर परातीत पाणी घालून त्यात मांडाव्या. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं, शोभा दुप्पट होते आणि जिवाला घोर राहत नाही.

जागा कोणती निवडावी?

किमान सहा फूट मोकळी भिंत हवी. खोली दहा बाय दहाची असेल, तर पुढे दिलेली सगळी मापं पाऊण पटीने घ्या. विजेचं बटण नि प्लग शेकोटीमागे झाकले जाता कामा नयेत. मात्र हाताशी एक प्लग असावा.

भिंत आधी नीट पाहून घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तळमजल्याच्या घरांच्या भिंतींना त्यामुळे तडे जातात. तडा, ओल किंवा वाळवीची मातकट रेघ दिसली, तर आधी तिचा बंदोबस्त करा. शोभेची वस्तू पुढे उभी करून दुखणं झाकलं, तर ते आत वाढतच जातं.

तिसरी गोष्ट कूलरची. मार्च ते जून कूलरचा ओला झोत ज्या भिंतीवर थेट येतो, ती भिंत टाळावी. चहूकडून पाणी शोषणारी कोणतीही वस्तू तिथे दोन उन्हाळेसुद्धा काढत नाही.

साहित्य

सहा मिलिमीटर जाडीचा सिमेंट-फायबरचा तक्ता, आठ फूट बाय चार फुटांचा, १. अठरा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचा अर्धा तक्ता, म्हणजे आठ फूट बाय दोन फुटांचा. दीड इंची चौकोनी लाकडी पट्ट्या, साधारण ६५ फूट. स्क्रू, लोखंडी एल-पट्ट्या ४, सांध्यांना लावायची जाळीची पट्टी, भिंतीला लावतात ती पुट्टी दोन किलो, गेरू, पांढरा, काळा आणि थोडा पिवळा रंग, शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग लहान डबा, भांडी घासायचे स्पंज २ आणि पिवळसर उजेडाची बारा व्होल्टची एलईडी पट्टी एक मीटर, तिच्या अडॅप्टरसह.

हेच साहित्य का, तेही सांगते. दुकानदार भुसा दाबून केलेला एमडीएफचा गुळगुळीत तक्ता पुढे करील. तो स्वस्त आणि कापायला सोपा खरा, पण कूलरच्या दमट हवेत त्याच्या कडा पापडासारख्या फुगतात. थर्माकोलचं तर नावच नको. तो भराभर पेटतो, पेटताना वितळून खाली टपकतो आणि २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीसाठी त्याच्यावर बंदी आहे. पुठ्ठा आठ-दहा दिवसांच्या कार्यक्रमापुरता ठीक. सिमेंटचा तक्ता जळत नाही, फुगत नाही, वाळवी त्याला खात नाही.

खऱ्या विटांचाही मोह होतो. पण एक वीट तीन किलोच्या आसपास भरते. शंभर विटा म्हणजे तीन क्विंटल झाले! वरच्या मजल्यावर असा बोजा जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय टाकू नये.

मापं आणि कापणी

पूर्ण शेकोटी ४८ इंच रुंद, ३८ इंच उंच आणि १० इंच खोल. खाली चौथरा आणि वर फळी धरून उंची साधारण ४१ इंच होते. मधला कोनाडा २६ इंच रुंद, २६ इंच उंच. म्हणजे दोन्ही बाजूंना ११ इंचांचे खांब आणि वर १२ इंचांची पट्टी उरते.

सिमेंटच्या तक्त्यातून आधी ४८ बाय ३८ चा दर्शनी भाग कापून घ्या. त्याच्या मध्ये तळाला लागून २६ बाय २६ चा चौकोन कापून काढायचा. हा काढलेला चौकोन टाकू नका. त्यातून कोनाड्याची १६ इंच रुंद, २६ इंच उंच पाठ निघते आणि ९ इंचांचं छतही निघतं. उरलेल्या तक्त्यातून बाहेरच्या दोन बाजू, प्रत्येकी १० बाय ३८, आणि आतल्या दोन बाजू, प्रत्येकी साडेदहा बाय २६, कापा. एका तक्त्यात सगळं बसतं.

पाठ १६ इंच आणि तोंड २६ इंच का? तर आतल्या दोन्ही बाजू तिरप्या बसवायच्या आहेत. रम्फर्डसाहेबांनी ऊब परतवण्यासाठी भिंती तिरप्या केल्या. आपल्याला त्यातून खोलीचा भास मिळतो. अवघ्या नऊ-दहा इंचांचा कोनाडा समोरून पाहताना हातभर आत गेल्यासारखा दिसतो. छताचेही दोन्ही कोपरे त्याच तिरप्या रेषेत कापून घ्यावेत.

प्लायमधून ५४ बाय १२ च्या दोन फळ्या निघतात. एक वरची, एक चौथऱ्याची. उरलेल्या तुकड्यातून स्वयंपाकघरासाठी एखादा पाट करून घ्या.

सिमेंटचा तक्ता कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसाला फार वाईट. कापणी दुकानातूनच करून आणावी. घरीच करायची तर अंगणात, तक्ता ओला करून, नाकातोंडाला मास्क बांधून. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवा.

जोडणी

आधी पट्ट्यांची चौकट. प्रत्येक खांबाला चार, अशा आठ उभ्या पट्ट्या. वर पुढे-मागे दोन आडव्या, कोनाड्याच्या माथ्यावर एक आडवी आणि खोलीच्या दिशेने लहान पट्ट्या. चौथऱ्याच्या फळीखालीही याच पट्ट्यांची चौकट येते. गुण्याने प्रत्येक कोपरा तपासल्याशिवाय स्क्रू घट्ट करू देऊ नका. एक कोपरा वाकडा गेला, की रंगवलेल्या विटासुद्धा तिरक्या दिसतात.

मग तक्ते. सिमेंटच्या तक्त्याला आधी ड्रिलने भोक पाडून मगच स्क्रू पिळायचा, नाहीतर कड तुटते. सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवून पुट्टीचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, त्यानंतर पॉलिशपेपर.

आता एल-पट्ट्यांनी शेकोटी भिंतीला पक्की करायची. हे काम राहून गेलं तरी चालेल असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. वरच्या फळीवरचा डबा काढायला लहान मूल चौथऱ्यावर चढतं, फळीला लोंबकळतं आणि सगळा भार अंगावर येतो. भिंत आणि शेकोटी यांच्यामध्ये फट राहिली, तर ती जाळीने किंवा पुट्टीने बुजवून टाका. पाली, झुरळं आणि आपल्याकडचे विंचू यांना अशी अंधारी फट फार आवडते.

विटा रंगवण्याची युक्ती

या कामात मुलांना घ्यावं. त्यांना भारी मजा येते. पांढऱ्या रंगात थोडा काळा मिसळून दर्शनी भागाला फिकट राखी रंगाचे दोन हात द्या. तो विटांमधला चुना. स्पंज कात्रीने साडेआठ इंच बाय अडीच इंच कापा. एक स्पंज तेवढा लांब नसेल, तर दोन तुकडे पुठ्ठ्यावर शेजारी चिकटवा. गेरूत डिंकाचं किंवा फेव्हिकॉलचं पाणी घालून दाटसर कालवा, स्पंज त्यात टेकवा, जास्तीचा रंग ताटलीच्या काठावर निपटा आणि अलगद ठसा उठवा. दोन ठशांमध्ये अर्धा इंच जागा सोडावी. खालच्या ओळीतल्या दोन विटांचा सांधा वरच्या विटेच्या मधोमध यायला हवा. गवंडी खरी भिंत अशीच रचतो. तळापासून माथ्यापर्यंत बारा-तेरा ओळी होतात.

सगळ्या विटा एकसारख्या लाल नसाव्यात. कुठे गेरूत थेंबभर काळा, कुठे थोडा पिवळा मिसळा. भट्टीतून आलेल्या विटांतही एखादी करपलेली, एखादी कच्ची असतेच. आधी रद्दी पेपरावर आठ-दहा ठसे उठवून हात बसवून घ्यावा.

कोनाड्याच्या आतून फळ्याचा काळा रंग. काजळी धरल्यासारखा तो दिसतो, चमकत नाही आणि त्यावर खडूने लिहिताही येतं. वरच्या फळीला मात्र लाकडाचाच रंग शोभतो. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून सागाची जुनी फळी मिळाली, तर प्लायऐवजी तीच घासून, जवसाचं तेल देऊन बसवा. नव्या चौकटीवर जुन्या लाकडाचा रुबाब निराळाच.

निखारे बांगड्यांचे

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर शेकोटी दाखवायची तर आम्ही लाकडांखाली दिवा ठेवून त्यावर लाल-पिवळा जिलेटीन कागद लावत असू. घरी रोज लावायच्या शेकोटीसाठी कागद नको आणि तापणारा बल्बही नको. एलईडी पट्टी फारशी तापत नाही. ती कोनाड्याच्या माथ्याच्या आतल्या कडेला अशी चिकटवा, की उजेड दिसेल पण पट्टी दिसणार नाही. अडॅप्टर बाहेर मोकळ्या हवेत ठेवा, बीआयएस नोंदणीचं चिन्ह असलेलाच घ्या आणि वायरला मध्ये जोड देऊ नका. रात्री निजताना बटण बंद.

निखाऱ्यांसाठी आपल्याकडे उत्तम वस्तू आहे. काचेच्या बांगड्या! बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तर वाढवलेल्या लाल, नारिंगी, पिवळ्या बांगड्यांचे तुकडे वर्षभर एका काचेच्या बरणीत साठवा. पट्टीचा थोडा भाग बरणीमागे येऊ द्या. उजेड तुकड्यांतून फुटून असा लाल होतो, की पाहणाऱ्याचा हात नकळत शेकायला पुढे येतो. बरणीचं झाकण मात्र पक्कं बंद हवं, तुकडे मुलांच्या हाती लागता कामा नयेत.

लाकडांसाठी बाभळीचे दोन-तीन ओंडके पुरेत. तिची खडबडीत काळपट साल फार देखणी दिसते. ओंडके आणल्यावर चांगले दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवा. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल, तर आत भुंगा आहे, ते लाकूड घरात नको. पऱ्हाटी आणि तुराटी तर आपल्या चुलींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जळण. पऱ्हाटीची छोटी जुडी कोनाड्यात उभी केली, की शेकोटीला एकदम वऱ्हाडी तोंडवळा येतो. मात्र तिच्यावरची बोंडं आधी तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी अशा राहिलेल्या बोंडांतच सुप्त पडून असते, आणि २०१७ साली तिने विदर्भातल्या कापसाचं काय केलं ते शेतकऱ्यांच्या घरांत कुणी विसरलेलं नाही.

बांबूची एखादी वस्तू हवी असेल, तर मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू वरच्या फळीवर शोभून दिसतात.

बारा महिने उपयोग

होळी झाली की ओंडके, पऱ्हाटी नि बरणी बांधून माळ्यावर टाका, एलईडीचा प्लग काढा आणि कोनाड्यात तिवईवर माठ मांडा. माठाखाली पाणी झिरपायला पसरट ताट ठेवावं. माठातलं पाणी त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. म्हणून तर आपल्या मे महिन्यातला माठ मुंबईवाल्यांना नवलाचा वाटतो. कोनाड्याचं तोंड मोकळं असल्याने वारा लागतो, ऊन लागत नाही, येता-जाता कुणाचा धक्का लागत नाही. सिमेंटच्या तक्त्याला पाण्याचं भयही नाही. काळ्या भिंतीपुढे लाल माठ, वर पितळी झाकण, शेजारी ओगराळं. पाहुणा उन्हातून आला, की त्याची नजर आधी तिकडेच जाते.

पावसाळ्यात हवा दमट झाली की माठाची गरज सरते. तेव्हा तिथे मुलांची पुस्तकं मांडा. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा वरची फळी फराळाच्या ताटांना कामी येते. समई मात्र नेहमीप्रमाणे मोकळ्या जागेत, पडद्यापासून नि शेकोटीपासून दूर. संक्रांतीला सुगडं, नाताळात मुलांचा कागदी तारा, परीक्षेच्या दिवसांत आतल्या काळ्या भिंतीवर खडूने लिहिलेलं वेळापत्रक. असा हा कोनाडा रिकामा राहत नाही.

खर्चाचं आणि बदलीचं

खर्च गावागणिक बदलतो. तरी तक्ते, प्लाय, पट्ट्या आणि सुताराची एक दिवसाची मजुरी यांचे भाव दोन ठिकाणी विचारून, कागदावर मांडून मगच काम काढावं. प्लायऐवजी घरातली जुनी फळी, पट्ट्यांऐवजी मोडक्या पलंगाचं लाकूड वापरलं, तर खर्च बराच उतरतो. रंग, स्पंज आणि बांगड्या यांचा खर्च नाममात्र.

भाड्याचं घर असेल, तर भिंतीला चार भोकं पाडण्याआधी मालकांना विचारा. सगळी जोडणी स्क्रूची आहे, त्यामुळे बदली झाली तर सोडवून नेता येते. दर्शनी भाग गोधडीत गुंडाळून उभा न्यावा, आडवा टाकला तर तडकतो.

धुराची चूल ज्या बायकांनी आयुष्यभर फुंकली, त्यांचे डोळे आणि छाती त्या धुराने काय झाली ते आपण पाहिलं आहे. तेव्हा दिवाणखान्यातल्या या चुलीला धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही, याची खंत करायचं कारण नाही. थंडीच्या रात्री जेवणं उरकल्यावर एलईडी लावा, बाकीचे दिवे घालवा, सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि गुळाचा खडा मध्ये ठेवा. ऊब गोधडीचीच असेल, पण घरची चार माणसं आपापला मोबाइल ठेवून एका दिशेला तोंड करून बसतील. आमच्या शेजारच्या आजी हल्ली तेवढ्यासाठी येतात, आणि उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायला.

पुढच्या लेखात कूलर धुऊन, वाळवून, पुढच्या मोसमापर्यंत कसा झाकून ठेवायचा ते पाहू.